डोंगरामागची मुसळी

“बुढीनंच सांगतली असन जागा. दुसरं कोण सांगन?”

ओसरीवर कुणीतरी हळूच म्हणालं. आत, दाराच्या फळीमागे, मी चहाचा ट्रे धरून उभी होते. कप एकमेकांना लागून किणकिणायला लागले, म्हणून मी ट्रे छातीशी दाबून धरला. त्या क्षणी मी केलं ते एवढंच — कपांचा आवाज बंद केला.

हे मी कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही. आईला नाही, वसतिगृहातल्या मैत्रिणीला नाही, देवासमोर हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. मागच्या महिन्यात चार वाक्यं बोलले, पण चार वाक्यांत आठ वर्षं थोडीच मावतात? म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही समोर बसला आहात असं समजून लिहिते. तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही, हे बरं आहे.

बुढी म्हणजे पुनाबाई. आमच्या गावची सुईण. साठी उलटलेली, चालताना थोडी डावीकडे झुकणारी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातांत जन्मलेली — मीसुद्धा. आमचं गाव आंबागडच्या डोंगरापलीकडे, तुमसरपासून फार लांब नाही. नाव लिहीत नाही. आणि जागा म्हणजे त्या डोंगरामागचा एक उतार, बांबूच्या बेटांखालचा, जिथे सफेद मुसळी उगवायची. पावसाबरोबर वर येणारी, गवतासारख्या पानांची, पांढऱ्या फुलांची. जमिनीखाली तिच्या मुळ्यांचा झुपका असतो, हाताच्या बोटांसारखा. बाळंतिणीला दूध यावं म्हणून पुनाबाई त्या मुळ्या सोलून, वाळवून, कुटून दुधात शिजवून द्यायची. शहरातल्या औषधवाल्यांना मुसळी हवीहवीशी झाल्यापासून जवळच्या रानांतून ती जवळजवळ गेलीच होती. शतावरीही तशीच चालली होती. मुसळी उरली होती ती तिथे, आणि ती जागा एकट्या पुनाबाईला माहीत होती.

म्हणजे — गाव तसं समजत होतं.

आता माझ्याबद्दल. मी पोलीस पाटलांची मुलगी. सहाव्या वर्षी मला नागपूरला मामांकडे ठेवलं, इंग्रजी शाळेत घातलं. सुटीत गावी यायचे तेव्हा मला बोलायचं सुचत नसे. गावची बोली कानाला कळायची, तोंडात यायची नाही. शाळेतलं मराठी बोलले की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुनाबाई तर आईला सरळ विचारायची, “तुही पोट्टी मुकी त नाई ना वं? का मडमांनं जीभ काढून ठेवली?” आई हसायची. मी आणखी गप्प व्हायचे. गप्प मुलीला लोक चांगली मुलगी समजतात. हा मला लहानपणापासून मिळालेला फायदा आहे. तो मी कसा वापरला, तेच सांगायचं आहे — आणि बघा, अजून तिथे पोचलेच नाही.

बी.एस्सी.ला मी वसतिगृहात राहायला गेले, वनस्पतिशास्त्र घेतलं. आणीबाणी उठली त्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत, पुनाबाई एका सकाळी आली आणि मला म्हणाली, चल. कुठे ते सांगितलं नाही. तिच्या मागोमाग मी दीड-दोन तास चालले. ती वाटेत एक शब्द बोलली नाही, आणि मी बोलणारी नव्हतेच. बांबूखाली पोचल्यावर ती खाली बसली, म्हणाली, “जागा तोंडानं सांगाची नाई. पायानं दाखवाची. माह्या सासूनं मले अशीच दाखवली.”

मुसळीची पानं तेव्हा वाळून मातीला मिळाली होती. तिला मात्र प्रत्येक झुपका कुठे आहे ते ठाऊक होतं. दसऱ्याच्या आत तिथे लोखंड लावायचं नाही, हा तिचा नेम. बी पडायला हवं, मूळ पिकायला हवं, त्याची साल मातकट व्हायला हवी. तिनं सळईनं माती सैल केली, झुपका वर काढला, पाच-सहा बोटं मोडून घेतली. वरचं डोकं आणि त्याला धरून राहिलेली तीन बोटं परत त्याच खड्ड्यात ठेवली. पदराची गाठ सोडून चार दाणे तांदूळ त्यात टाकले. माती लोटली, तळव्यानं थोपटली — बाळाला थोपटतात तसं. “घेतलं त देल्लं पायजे.” मग दोन पावसाळे त्या झुपक्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मी विचारलं, मला का दाखवलंत? सुनेला का नाही?

“सून डोंगराले भेते. अन् तू बोलत नाईस ना. म्हणून तुले दाखवली.”

हे वाक्य मी विसरले असते तर माझं आयुष्य सोपं झालं असतं का? माहीत नाही. विसरले नाही, एवढं खरं.

पुढच्या वर्षी पोळ्याला मी गावी आले. गणपतीपर्यंत सुटी होती. प्रात्यक्षिकासाठी मला वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने करायचे होते, म्हणून मी एकटीच त्या उतारावर जाऊन आले आणि फुलावर आलेलं एक रोप आणलं. एकच. वर्तमानपत्राच्या घडीत घालून त्यावर पाटा ठेवला. अशा नमुन्याखाली एक चिठ्ठी चिकटवावी लागते: वनस्पतीचं नाव, तारीख आणि नेमकं ठिकाण. कुठला नाला, कुठला उतार, कुठल्या झाडाखाली. ठिकाणाची ओळ मी कोरी ठेवली. कोरी ठेवताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

पोळ्याच्या दिवशी एक जीप आमच्या दारात आली. गावात बाहेरचा माणूस आला की पाटलांकडे उतरायचा, तसा तो उतरला. कुठल्यातरी औषधवाल्यांसाठी रानातला माल गोळा करत फिरतो, असं त्यानं बाबांना सांगितलं. चाळिशीचा असेल. बूट दाराबाहेर नीट जोडीनं काढून ठेवणारा. त्याला मी आदल्या दिवशी तुमसरच्या बाजारात पाहिलं होतं. नागपूरच्या बसमधून मी उतरले तेव्हा पुनाबाई बांबूचे कोवळे कोंब — आमच्याकडचे वास्ते — टोपलीत घेऊन विकायला बसली होती, आणि हा वाकून तिला विचारत होता, हे काय आहे? “वास्ते आहे, साहेब. घरी न्या. बायकोले शिजवता येत नसन त तिले घेऊन या, शिकवतो.” तो हसला, पुढे गेला. दोघांचं बोलणं झालं ते इतकंच. मी तिथेच उभी होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी हेच वापरलं आहे.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सगळी आळी मुलांचे लाकडी बैल बघायला चौकात गेलेली. घरात मी आणि ओसरीवर तो. माझे नमुने उन्हात मांडलेले होते. त्यानं मुसळीचा कागद उचलला, खालची कोरी ओळ पाहिली आणि इंग्रजीत बोलायला लागला. ठिकाण नाही? मग हा नमुना नाही, हे वाळलेलं गवत आहे. तुझ्यासारख्या मुलीनं असं अर्धवट काम करावं? — आणि मी बोलायला लागले. इंग्रजीत. झरझर. त्या गावात पहिल्यांदाच कुणीतरी माझं बोलणं ऐकत होतं आणि हसत नव्हतं. अर्धा तास आम्ही बोललो. मी शास्त्रीय नावं सांगितली, तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, थोडे नमुने घेईन, तपासणीला. मला नकाशा काढून दे.

मी आत गेले कागद आणायला.

इथे मी थांबते दर वेळी. मनात सांगतानाही इथेच थांबते. कारण यापुढे माझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती — मला काय माहीत तो काय करणार आहे! कोवळं वय, फसवली गेले. हे मीही स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की त्याचे शब्द गुळगुळीत झाले. पण माझ्या वह्या बाजूच्या खोलीत होत्या, आणि त्या खोलीची खिडकी जीपच्या बाजूला उघडते. जीपच्या मागच्या भागात रिकामी पोती होती. घड्या घालून, एकावर एक, जवळजवळ छतापर्यंत. त्यांच्यावर सहा-सात नव्या कुदळी. नमुन्याला पोती लागतात का? मी खिडकीशी उभी राहून ती पोती बघितली. नीट बघितली. मग बाहेर आले, बसले, आणि नकाशा काढला. तलाव, नाला, वळण, बांबूचं बेट. उताराला बाण. सुवाच्य अक्षरात.

कागद घेताना तो म्हणाला, व्हेरी नीट.

तो त्याच दुपारी गेला. पुढच्या दीड दिवसात बाहेरून आणलेल्या माणसांनी तो उतार खणून काढला. शेतांत निंदण चालू होतं, गाव तिकडे फिरकलंच नाही. गुरं घेऊन गेलेल्या एकानं पाहिलं तेव्हा उतारावर ओले खड्डे होते, एकाला एक लागून. मुळं अजून पिकलेली नव्हती, बी धरलेलं नव्हतं. डोकी मोडून फेकून दिलेली, पाण्यात सडत पडलेली. एकही परत ठेवलेलं नव्हतं. कोण ठेवणार?

हरतालिकेच्या दिवशी माणसं आमच्या ओसरीवर जमली. आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन.

पुनाबाईला बोलावलं होतं. ती खांबाशी बसली होती, पाय पोटाशी घेऊन. बाबांनी विचारलं, त्या माणसाला जागा तुम्ही सांगितली का? ती म्हणाली, “मी कोणाले तोंडानं नाई सांगतलं, पाटील.” त्या ‘तोंडानं’चा अर्थ तिथे फक्त मला कळला. एक जण म्हणाला, “मंग काय, मुसळी आपल्या पायानं चालत गेली का तुमसरले?” सगळे हसले. हसण्यात राग होता. त्या वर्षी दोन घरांत बाया दिवस भरत आलेल्या होत्या.

मी बाहेर आले, कप ठेवायला लागले. मला वाटलं, आता ती माझं नाव घेईल. तिनं जागा एकाच माणसाला दाखवली होती, मग तिला कोडं कसलं पडणार? तिला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. ती माझ्याकडे बघत होती — रागानं नाही. वाट बघत असल्यासारखी. आणि मला काय वाटलं सांगू? लाज नाही. भीतीच वाटली, की ही बोलली तर? बोलण्याआधी काहीतरी केलं पाहिजे.

तेवढ्यात बाबांनीच विचारलं, “सुधा, तू बोलत होती ना त्या साहेबासंगं इंग्रजीत? काय म्हणे तो? कोणं दाखवली म्हणे जागा?”

मी म्हणाले, “नाव नाही सांगितलं त्यांनी.” आणि इथे थांबता आलं असतं. इथे थांबले असते तर ते नुसतं भेकडपण झालं असतं. पण मी कप खाली ठेवला आणि पुढे बोलले, “तुमसरच्या बाजारात पुनाआजी त्यांच्याशी बोलत होत्या. मी पाहिलं.”

यात एक शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते बोलणं इतकं छान लागू पडलं.

सगळ्या माना पुनाबाईकडे वळल्या. पाटलांची मुलगी, कधी न बोलणारी, उगाच कशाला बोलेल? पुनाबाईनं माझ्यावरची नजर काढून घेतली. पदर सारखा केला, उठली, पायऱ्या उतरून गेली. तिनं माझं नाव का घेतलं नाही? पाटलांची मुलगी म्हणून? आपण तिला जागा दाखवली याची तिलाच लाज वाटली म्हणून? की — मला तिचं मन माहीत असल्यासारखं लिहायचा अधिकार नाही. घेतलं नाही, एवढंच.

गावानं तिला वाळीत वगैरे टाकलं नाही. बोलावणं तेवढं बंद झालं. त्या दिवाळीत मी आले होते तेव्हा तिच्या शेजारच्या घरात सून अडली होती. भिंतीला भिंत लागलेली, कळांचा आवाज तिच्या घरात येत असणार. दुपारची वेळ. मी समोरच्या विहिरीवर होते. पुनाबाई आतून आली, न्हाणीपाशी राखेनं कोपरापर्यंत हात धुतले, आणि ओले हात पुढे धरून उंबरठ्यावर बसली. बाळंतपणाला जाताना ती असेच हात धुवायची. शेजारून सायकलवर एक जण गेला आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सला घेऊन आला. ती दोघं पुनाबाईच्या समोरून आत गेली. तिचे हात वाळले. मग ती उठून आत गेली. मी बादली भरून घरी आले. आईनं विचारलं, एवढा वेळ? मी म्हणाले, गर्दी होती.

नमुन्याच्या चिठ्ठीवर मी नुसतं ‘आंबागड परिसर’ लिहून दिलं. प्राध्यापकांनी ठिकाण अपुरं म्हणून गुण कापले. मला त्या कापलेल्या गुणांचा आनंद झाला — जणू मी काही शब्द पाळला होता. माणूस स्वतःशी किती बारीक खेळ खेळतो!

पुढच्या पावसाळ्यात मी त्या उतारावर गेले. त्याच्या पुढच्याही. एकदा तीन पानं दिसली, गुडघ्यावर बसले, हात लावला. गवत होतं. आता तिथे टणटणीची काटेरी झुडपं माजली आहेत. शतावरीही पुढे तशीच गेली, मुळासकट, पोत्यांतून. ती माझ्यामुळे नाही. पण त्यामुळे माझं काही हलकं होत नाही, आणि व्हावं असं मी म्हणतही नाही.

पुनाबाई समोर आली तर आईची खुशाली विचारायची. माझ्या जिभेची थट्टा तिनं पुन्हा कधी केली नाही.

मी शिकले. एम.एस्सी. झाले. भंडाऱ्याला कॉलेजात शिकवते. रानातल्या औषधी वनस्पती नाहीशा होत आहेत, त्या वाचवायला हव्यात, असे लेख मी लिहिते. हो, मीच. वर्गात मुलांना सांगते, पिकल्याशिवाय खणू नका, डोकं परत मातीत लावा. वाक्यं पुनाबाईची, तिचं नाव कधी घेतलं नाही. म्हणायचे, ‘पारंपरिक ज्ञान’.

मागच्या महिन्यात वनखात्यातर्फे आमच्या गावात औषधी झाडांच्या रोपवाटिकेचा कार्यक्रम झाला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आई-बाबा पुढे खुर्च्यांवर बसले होते. पुनाबाई मागे, बायकांत, जमिनीवर — आता ती फारच वाकली आहे. मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं, चार पानी भाषण लिहून नेलं होतं. एक तरुण अधिकारी मनापासून विचारत होता, पूर्वी कुठली झाडं कुठे होती, जुन्या लोकांनी सांगा, आपण तिथे परत लावू. मुसळी कुठे होती?

मागून एक पोरगा ओरडला, “पुनाबाईले नका विचारू साहेब, ते विकून टाकते!”

मांडव हसला. तो मुलगा त्या वेळी पाच-सहा वर्षांचा असेल. त्याला खरं काही माहीत असण्याचं कारण नाही. पण आमच्या गावात आता ते बोलण्यात मुरलं आहे. कुणाच्या पोटात गोष्ट राहिली नाही की म्हणतात, हा बी पुनाबाई झाला. आणि मी पाहिलं — पुनाबाईही हसत होती. दात नसलेलं तोंड उघडून, सगळ्यांच्या बरोबरीनं. जसं काही ते तिचंच नाव पडलं होतं आणि आता तिला त्याची सवय झाली होती.

अधिकारी म्हणाला, मॅडम, आता तुम्ही दोन शब्द.

मी उठले. माईकपर्यंत गेले. हातातले कागद टेबलावर ठेवले, त्यावर पाण्याचा पेला ठेवला. बाबांकडे बघितलं नाही. पहिला शब्द माझा मलाच ऐकू आला. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्यानं बोला. मग मी मोठ्यानं बोलले.

“मुसळीची जागा पुनाआजीनं विकली नाही. तिनं ती एकट्या मला दाखवली होती. त्या माणसाला नकाशा मी काढून दिला, त्याच्या जीपमधली रिकामी पोती पाहून झाल्यावर दिला. आणि पाटलांच्या ओसरीवर तुम्ही सगळे विचारत होता, तेव्हा आळ तिच्यावर मी घातला.”